जागेवर नाहीत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही मन या गोष्टीपाशी आलं की मी घाईघाईने पुढचं स्तोत्र म्हणायला लागायचे — म्हणजे बघा. तुम्ही काही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. सकाळपासून चहा करून झाला, भाजी निवडून झाली, आणि आता निवडायलाही काही उरलं नाही म्हणून बसले आहे.

सुरुवात आमच्या सोसायटीतल्या पूजापासून करते, कारण तिच्यामुळे माझं भलतंच कौतुक झालं. पूजा तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या नवऱ्याने तिच्या मोबाइलमध्ये काहीतरी घालून ठेवलं होतं. ती कुठे जाते, कुणाशी काय बोलते, सगळं त्याला बसल्या जागी कळायचं. पोर कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाली तरी मागे वळून वळून बघायची. मी तिला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. तिथल्या बाईंनी नीट बसवून ऐकून घेतलं. म्हणाल्या, नवरा असला म्हणून काय झालं, असं फोनमधून मागावर राहणं हाही पाठलागच, आता त्याला कलम आहे. पूजा रडली, मीही रडले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी माझं नाव घेतलं आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून पचलेल्या नाहीत.

कारण हेच मी केलेलं आहे. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत. तेव्हा मोबाइल नव्हते, एवढाच काय तो फरक. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी... पण थांबा. मला क्रमाने जाऊ द्या.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीला मानपाड्याकडे रंग बनवणारी एक कंपनी होती, तिथे मी टेलिफोन ऑपरेटर होते. तेव्हाचा बोर्ड तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला असेल कुणास ठाऊक. समोर भोकांच्या रांगा, खाली वायरींच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीला एक छोटी चावी. बाहेरचा फोन आला की दिवा लागायचा. वायर खुपसायची, चावी पुढे करायची, ‘कोण हवंय?’ विचारायचं, आतल्या माणसाला जोडून द्यायचं, आणि दोघं बोलायला लागले की चावी मधोमध आणायची. चावी मधोमध आली की तुमच्या कानातला आवाज बंद. आणली नाही, तर सगळं ऐकू येतं. बोलणाऱ्यांना पत्ता लागत नाही.

मला हे काम डिसोझाबाईंनी शिकवलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “जोडायचं आणि विसरायचं.” दुसरं, “दुसऱ्याचं बोलणं ऐकणं हा गुन्हा आहे, माहितीये ना? आणि गुन्हा राहू दे, ते पाप आहे.” मी तेव्हा हसले होते. मला काय पडलंय लोकांच्या बोलण्याचं? केमिकलच्या पिंपांचे भाव ऐकून मी काय करणार?

शरद स्टोअर्समध्ये होता. आमचं लग्न त्या बोर्डानेच जमवलं म्हणा ना. हा माणूस दिवसातून चारदा रिसीव्हर उचलून मला विचारायचा, “ऑपरेटर, किती वाजले हो?” आणि मनगटावर घड्याळ. लग्न झालं. सासूबाईंसमोर ‘अहो’ आणि एरवी शरद, असं चालायचं. फार सरळ माणूस होता. बोलायला कमी, पण कुणाच्या अडल्यानडल्याला सगळ्यात आधी स्कूटर काढायचा तो.

मग निर्मलाचे फोन यायला लागले. “लिमयेंना द्या ना जरा, स्टोअर्सचे.” स्वच्छ, जरा घाईतला आवाज. दर दोन-चार दिवसांनी. एकदा मी जोडून दिलं आणि चावी मधोमध आणली नाही.

संशय होता का? तुम्हाला वाटेल, होता. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं, संशयी बायको निदान लोकांना कळते तरी. पण पहिल्या एक-दोन फोनांतच सगळं स्पष्ट झालं होतं. निर्मला कांबळे शरदच्या आधीच्या नोकरीतली, ठाण्याच्या ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती आईकडे कल्याणला आली होती, आणि तो नवरा तिचा पिच्छा सोडत नव्हता. तिच्या ऑफिसात फोन करायचा, “निर्मला जागेवर आहे का?” असं विचारायचा आणि ठेवून द्यायचा. पुन्हा करायचा. संध्याकाळी ती ठाण्याच्या त्या ऑफिसातून सुटली की टेंभी नाक्यावर समोरच्या फुटपाथला उभा. जवळ यायचा नाही, बोलायचा नाही, नुसता स्टेशनपर्यंत मागे. ती पोलिसांत गेली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, “बाई, नवऱ्याने बायकोला फोन करणं हा काय गुन्हा आहे का? समजुतीने घ्या.” हे सगळं ती शरदला सांगायची. यात लपवण्यासारखं काय होतं?

काहीच नव्हतं. आणि तरी मी ऐकत राहिले. कारण — हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय — कारण शरद तिच्याशी बोलताना हसायचा. ती अशा अडचणीत, पण हा तिला काहीतरी फालतू विनोद सांगून हसवायचा आणि स्वतः हसायचा. घरी आला की दमलेला, पायाला तेल चोळत बसायचा. ते हसणं माझ्या वाट्याला का नाही? एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी सहा-आठ महिने नवऱ्याच्या मागे कान लावून होते.

त्याचे मला फायदेही झाले, तेही सांगते. तो तिला एकदा म्हणाला, पेटी शिकायची फार इच्छा होती, राहून गेली. त्या रविवारी मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “तुला पेटी शिकायचीये का रे? आपण जुनी एखादी बघू.” तो बघतच राहिला. कधी त्याला फणसाची भाजी हवीशी वाटायची, कधी साहेबाने त्याला बोललेलं मनाला लागायचं, आणि मला घरी आल्यावर सगळं आपोआप ‘कळायचं’. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, आमची सून मनकवडी आहे हो. शरदही कौतुकाने मान डोलवायचा. मी पदर सावरत लाजायचे. खरंच लाजायचे, त्यातही नाटक नव्हतं. माणूस स्वतःला किती पटकन फसवतो.

पकडले गेले ती सवयीमुळे. जुन्या साहेबलोकांची एक पद्धत असायची. बोलणं संपलं की म्हणायचे, “झालं, ऑपरेटर,” आणि आपण लाइनवर असलो तर म्हणायचं, “थँक्यू.” इतकी वर्षं म्हणून म्हणून ते जिभेवर बसलेलं. एके दिवशी निर्मलाने फोन ठेवला, शरदने ठेवला नाही. मग अगदी हळू, नेहमीच्या आवाजात तो म्हणाला, “झालं, ऑपरेटर.”

आणि मी म्हटलं, “थँक्यू.”

त्या संध्याकाळी मी भाताला फोडणी घालत होते आणि तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, “अगं, विचारलं असतंस तर सांगितलं असतं ना.” बस. मग तिथेच पाटावर बसून त्याने मला निर्मलाची सगळी कहाणी सांगितली — मला अक्षरन् अक्षर पाठ असलेली. आणि मी मध्ये मध्ये “अगंबाई” म्हणत ऐकली. पुढच्या रविवारी त्याने तिला घरीच जेवायला बोलावलं. सावळी, उंच, दोन्ही हातांनी बोलणारी बाई. निघताना माझे हात धरून म्हणाली, “वहिनी, यांची स्कूटर मी अधूनमधून पळवते, रागावू नका हां.” त्यांचं ठरलेलं होतं. नवरा खाली उभा दिसला की तिने शरदला फोन करायचा, शरदने शीळफाट्यावरून स्कूटरने ठाण्याला जायचं, तोवर तिने ऑफिसातून बाहेर पडायचं नाही.

म्हणजे आता तर सगळं उघड झालं होतं. कुणी कुणापासून काही लपवत नव्हतं. मीही चावी मधोमध आणायला लागले होते. गोष्ट इथे संपली असती तर मी आज तुम्हाला ती हसत सांगितली असती.

नवरात्रातली अष्टमी होती. माझ्या मावशीकडे त्या दिवशी महालक्ष्मीची पूजा असते, संध्याकाळी उकडीचा मुखवटा करतात, घागरी फुंकतात. लग्नानंतर पाच वर्षं ही पूजा करायची असते, आणि माझं ते शेवटचं वर्ष. मी सकाळपासून शरदला बजावलं होतं, आज वेळेवर निघायचं. मोतिया रंगाची साडी नेसूनच कामावर गेले होते. दुपार कलल्यावर दिवा लागला.

“वहिनी, मी निर्मला. शरदला द्या ना लवकर. तो खाली उभाय. आज ऑफिस लवकर बंद करतायत, मला थांबता नाही येणार.”

शरदच्या टेबलाचं भोक माझ्या डोळ्यांसमोर होतं. वायर हातात होती. मी म्हटलं, “जागेवर नाहीत.”

का म्हटलं? स्कूटर ठाण्याला गेली असती, परत कल्याण, मग घर — माझी संध्याकाळ गेली असती. ती म्हणाली, “बरं, आले की सांगाल?” मी म्हटलं, “सांगते.” आणि सांगितलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा दिवा. “आले का हो?” या वेळी आवाज बारीक झालेला. “नाही हो. जागेवर नाहीत.” मग आणखी एकदा, तेव्हा ती काही न बोलता नुसती श्वास घेत होती, आणि मीच आधी म्हटलं, “नाहीत अजून.” शरद भिंतीपलीकडे बसला होता. त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मी स्वतःला सांगत होते, रोजचंच आहे तिचं. एवढी गर्दी असते नवरात्रात टेंभी नाक्याला, एवढ्या माणसांत तो काय करणार आहे? संध्याकाळी मावशीकडे घागर फुंकली, आरती म्हटली. बायका म्हणाल्या, यंदा तुझ्यावर तेज आलंय.

त्याने त्या गर्दीतच तिचा हात धरला आणि ओढत नेली. ती ओरडली. लोकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझी बायको आहे, आणि लोक बाजूला झाले. तिने हात सोडवायचा प्रयत्न केला तर त्याने तो पिरगळला. मनगटाजवळ दोन ठिकाणी मोडला. शेवटी एक फुलवाली बाई मध्ये पडली. आगरी बाई होती ती, जागची उठली आणि फुलांची पाटी त्याच्या अंगावर आपटली, तेव्हा तो पळाला. नाव आम्हाला कधी कळलं नाही. तिचे माझ्यावर किती उपकार आहेत हे तिला माहीतही नाही. ती उठली नसती तर मी आज काय लिहीत असते, किंवा लिहायला धजले तरी असते का?

दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला हॉस्पिटलात गेलो. निर्मला कॉटवर बसली होती, हात प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेला. शरदला बघून हसली. म्हणाली, “अरे, किती फोन केले तुला. वहिनी तरी काय करणार, तू जागेवरच नाहीस.”

शरद आदल्या दिवशी जेवायलासुद्धा टेबलावरून उठला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कॉटच्या लोखंडी दांड्याकडे बघत होते. मला वाटलं, आता सांगेल. सांगावं असंही वाटलं, खरंच.

तो म्हणाला, “हो गं. गोडाउनला गेलेलो. खंडेनवमीची साफसफाई चाललेली ना. सॉरी.”

“चालतं रे,” ती म्हणाली. “एखादा दिवस होतं असं.”

घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, “तिला आता माणसं लागतील. आहेत त्यातलं एक कमी करायला नको, म्हणून बोललो तसं. तुझ्यासाठी नाही.” आणि मग म्हणाला, “कोर्टात तिच्याबरोबर आता तू जायचंस.”

त्यानंतर एकदाही तो या विषयावर बोलला नाही. भांडणात नाही, रागात नाही. आम्हा नवरा-बायकोची काही कमी भांडणं झाली नाहीत, पण त्याने हे हत्यार कधी उचललं नाही. असा माणूस मिळायला मी काय पुण्य केलं होतं? मी तर हे केलं होतं.

मी गेले कोर्टात. कल्याणच्या कोर्टात तारखांमागून तारखा, निर्मला आणि मी बाकावर शेजारी शेजारी. हात मोडला म्हणून पोलिसांनी आता तक्रार लिहून घेतली होती. फोनांना, मागे मागे येण्याला तेव्हा त्यांच्याकडे कलम नव्हतं, मोडक्या हाताला होतं. डबा मी न्यायचे. तिला डाव्या हाताने जेवता येईना तेव्हा मीच घास करून द्यायचे आणि ती म्हणायची, “वहिनी, सख्खी बहीण करणार नाही एवढं.” तो घास माझ्या हातातून गळून कसा पडत नसे, कुणास ठाऊक. पण खोटं कशाला बोलू — मला त्या बाकावर सुखही मिळत होतं. ती मलाही हसवायची. शरदचं जे हसणं मी चोरून ऐकत होते ते कुठून येतं हे मला तिथे बसल्यावर कळलं. नव्वदच्या पुढे कधीतरी तिला घटस्फोट मिळाला. बुद्धपौर्णिमेला तिच्या आईने मला घरी बोलावून स्वतःच्या हाताने खीर वाढली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “माझ्या लेकीला वाचवलंस तू, बाय.” मी खीर खाल्ली. वाटी पुसून खाल्ली.

निर्मला गेली तीस-पस्तीस वर्षं माझी मैत्रीण आहे. माझ्या मुलीच्या बाळंतपणाला ती आधी पोचली, मी नंतर. थंडीत तिचं ते मनगट अजून दुखतं, मीच तिला तेल लावून देते. आणि कुठलीही चार माणसं जमली की ती शरदची चेष्टा करायची: “हा लिमये आयुष्यभर माझ्यासाठी धावला, पण खरी गरज होती त्या दिवशी नेमका गोडाउनात.” सगळे हसायचे. शरदही हसायचा. म्हणायचा, “माझं नशीबच तसं.” मी चहा आणायला आत जायचे.

पूजाच्या केसच्या वेळी मी त्या नव्या कलमाबद्दल वकिलाला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, काकू, ते पुरुषाने बाईचा पाठलाग केला तर लागतं. म्हणजे मी त्यात बसत नाही. ऐकून हायसं वाटलं मला, सांगून टाकते. रिक्षात बसल्यावर त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली. त्या अष्टमीच्या दुपारी निर्मलाच्या मागावर तिचा नवरा होता आणि तिची वाट अडवून मी होते, हे कुठल्याही कलमाला माहीत नाही. शरदला माहीत होतं.

शरद गेल्या वर्षी गेला. शांत गेला, दुपारी झोपेत. तेराव्याला निर्मला त्याच्या फोटोपाशी बराच वेळ बसली होती. मग पेटीवरची धूळ पदराने पुसत मला म्हणाली, “एकदाच जागेवर नव्हता बिचारा. आणि त्याचं त्याला किती वाईट वाटायचं, वहिनी. माझ्या हाताकडे बघितलं की मान खाली घालायचा.”

मी तेव्हाही चहा आणायला आत गेले.

त्याने मला सांभाळलं, तिने मला आपलं मानलं, आणि दोघांच्या चांगुलपणावर माझा संसार झाला. त्याचा मला रोज आठव होतो, रोज डोळे भरून येतात. ते उपकार मी नाकारत नाही. फक्त त्यातली एक गोष्ट त्याची आहे, ती मी इतकी वर्षं स्वतःकडे ठेवली. निर्मला रविवारी जेवायला येणार आहे. हे कागद मी तिच्या पानाशेजारी ठेवीन.

निर्मला, त्या दिवशी शरद जागेवर होता.